व्हर्लिनची पाणसळ

आमच्या खोऱ्यात उन्हाळ्यात दोन तऱ्हेची माणसं येतात. एक डोंगर बघायला येतात, दुसरी गाडी लावायला. व्हर्लिन स्टेन्सरुड दुसऱ्या तऱ्हेतला, आणि त्यांच्यातला मेरुमणी.

मी टॅमरॅक क्रीकच्या कॅम्पग्राउंडची यजमान. म्हणजे फाटकाशेजारी माझा जुना ट्रेलर उन्हाळाभर फुकट उभा राहतो, आणि त्या बदल्यात मी जळणाची लाकडं विकते, संडासात कागद आहे का ते बघते आणि जनरेटर बंद न करणाऱ्यांशी भांडते. नवरा गेल्यापासून हाच माझा संसार. नाव बर्नडीन, तोंडावर मला बर्नी म्हणतात. माघारी काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं नाही.

इथे टीव्ही लागत नाही. त्यामुळे संध्याकाळची करमणूक एकच, नव्याने आलेली घरगाडी मागे-मागे जात आपल्या जागेत शिरते ते बघणं. इंजिनाचा आवाज आला की लोक घडीच्या खुर्च्या हळूच रस्त्याकडे वळवतात. कबूल कुणीच करत नाही. नवरा स्टिअरिंगशी, बायको मागे. "डावीकडे म्हटलं ना!" "कुणाच्या डावीकडे?" इथून सुरुवात होते आणि दोघांच्या आयांपर्यंत गाडी पोचते. मागे एका बाईने नवऱ्याला हाताने जी खूण केली ती पार्किंगची नव्हती. त्यानंतर ती चालत फाटकाबाहेर गेली, आणि तिला आणायला तिची बहीण आली.

स्टेन्सरुड नवराबायकोंचं तसं नव्हतं. त्यांची गाडी बसएवढी लांब. मार्लिस मागच्या बाजूला अशी उभी राही, की व्हर्लिनला ती आरशात दिसावी. ती दोन्ही हात वर करी आणि मग फक्त ते हात बोलत. इकडे, अजून इकडे, बास. तो मान वळवून बघत नसे, खाली उतरत नसे, काही विचारत नसे. एका दमात गाडी आत. लोक चक्क टाळ्या वाजवत. मग व्हर्लिन उतरून टोपीला हात लावी आणि दरवर्षी एकच वाक्य बोले, "चांगली दाखवलीस, मार्लिस." ती दोघं नॉर्थ डाकोटातली, आजे-पणजे नॉर्वेहून आलेले. त्यांच्याकडे नवरा बायकोशी याहून गोड बोलला तर घरचे त्याचा ताप बघतात.

जन्मभर त्याने लोकांच्या तळघरातल्या भट्ट्या दुरुस्त केल्या. हिवाळ्यात घरं गरम ठेवणाऱ्या त्या भट्ट्या. निवृत्त झाल्यावर ही घरगाडी घेतली आणि सगळं लक्ष तिच्यात घातलं. त्याच्या शर्टाच्या खिशात बोटभर लांबीची पाणसळ असे, गवंड्याकडे असते तशी, आत बुडबुडा असलेली. गाडी सरळ उभी नसेल तर तिच्यातला फ्रिज बिघडतो, हे खरं आहे. पण हा माणूस टेबलावर पाणसळ ठेवी, शेगडीवर ठेवी, खुर्च्यांवर ठेवी. खुर्च्यांना कुठला आलाय फ्रिज? माझ्या ट्रेलरच्या पायरीवर एकदा ती ठेवून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्या पायरीखाली कुणाला पुरलंय.

आणि इतके उन्हाळे येऊन या माणसाने खोऱ्याचं वरचं टोक पाहिलं नव्हतं. तिथे कड्यावरून धबधबा पडतो, ऑगस्टातही खाली बर्फ असतो, लोक जपानहून येतात. व्हर्लिन मात्र म्हणे, "गाडी सोडून कसं जाणार?" आणि गाडी घेऊन जायचं तर पाण्याची नळी, विजेची वायर, सांडपाण्याचा पाइप, सगळं सोडवा आणि परत येऊन जोडा. त्यापेक्षा दाराशी खुर्ची टाकून ये-जा बघणं त्याला बरं वाटे. दाराशी लाकडी पाटी टांगलेली असे, "स्टेन्सरुड. सध्या मुक्काम इथे." दुसरीकडे कुठे असण्याचा प्रश्नच नव्हता.

या वर्षी दोन गोष्टी मला खटकल्या. पहिली म्हणजे त्याने आरपार जागा मागितली, एका बाजूने आत शिरून दुसरीकडून बाहेर पडता येते अशी. ही जागा नवशिक्यांची. आजवर तिच्याकडे बघून तो नाक मुरडत असे. "लेक-नातवंडं येणार आहेत, सोय बघावी लागते," तो म्हणाला. दुसरी म्हणजे गाडीच्या मागच्या बंपरवर एक भलामोठा ट्राउट मासा चिकटवलेला होता, हसणारा, दात असलेला. हाच माणूस पूर्वी म्हणायचा, "बंपर आहे, फ्रिजचं दार नव्हे."

"हे काय रे?" मी विचारलं.

"मासा," व्हर्लिन म्हणाला.

लेक क्रिस्टा, जावई ग्रेग आणि दोन नातवंडं स्वतःची व्हॅन घेऊन आली होती आणि शेजारी तंबूत राहत होती. क्रिस्टाने आल्या दिवशीच जाहीर केलं, "बाबा, उद्या सगळ्यांनी वरचा धबधबा बघायचा. आईची किती वर्षांची इच्छा आहे."

"आमच्या व्हॅनमध्ये सगळे मावतो," ग्रेग म्हणाला.

"व्हॅनमध्ये संडास आहे?" व्हर्लिनने विचारलं.

"नाही."

"ओव्हन?"

"व्हर्लिन, तासाभराचाही रस्ता नाहीये."

"म्हणूनच विचारतोय."

ग्रेगने व्हॅनची किल्ली खिशात टाकली. तो गरीब माणूस. जूनमध्ये सासऱ्याला त्याने गाडीच्या मागे लावायचा कॅमेरा भेट दिला होता. मागचं सगळं पुढच्या पडद्यावर दिसतं. त्याने स्वतःच्या हाताने बसवूनही दिला. व्हर्लिनने त्या पडद्यावर भांडी पुसायचं फडकं टांगलं, कोंबडा छापलेलं. "मला डोळे आहेत," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आणि मागे मार्लिस आहे." पुरुषांना मदत घेण्यापेक्षा झाडाला धडकणं सोपं जातं, हे माझं जुनं मत आहे. मी ते तिथल्या तिथे मोठ्याने बोलून दाखवलं.

सकाळी मार्लिस माझ्याकडे कॉफीला आली. कपाला हात घालताना तिची बोटं आधी टेबलावर चाचपडली. मग सहज विचारावं तसं ती म्हणाली, "बर्नी, वर गाडी मागे घ्यावी लागते का गं?"

"छे. वर गोल वळसा आहे. फिरून आलं की झालं. का?"

तिने चमच्याने कॉफी ढवळली. मग म्हणाली, "मी ज्याच्याकडे बघते ना, तेच नेमकं दिसत नाही. मधोमध भोक पडल्यासारखं. तुझ्याकडे बघितलं तर तुझे कान दिसतात आणि मागची खिडकी दिसते. तू नाही. कडेकडेचं सगळं स्वच्छ दिसतं. डॉक्टर म्हणाला, हे वाढत जाणार."

मी माझा कप खाली ठेवला. "व्हर्लिनला?"

"सांगितलं नाही. सांगणारही नाही. तो दुसऱ्या कुणाच्या हातावर गाडी मागे घेणार नाही, तुला माहितेय. गाडी विकून टाकेल. मग टीव्हीसमोर बसेल आणि रिमोटखाली पाणसळ ठेवेल. हिवाळ्यात ॲरिझोना नाही, उन्हाळ्यात हे खोरं नाही. डोळे जातायत ते जाऊ देत, बर्नी. पण त्याच्या त्या खुर्चीशेजारी बसून मला मरायचं नाहीये."

"अगं, पण मे-जूनमध्ये कशी दाखवलीस?"

"अंदाजाने. साऊथ डाकोटात एकदा जागेतल्या नळाच्या खांबाला लागली असं मला वाटलं. पण तो काही बोलला नाही. म्हणजे नसेल लागली." मग ती हसली. "तू चल आज आमच्याबरोबर. तुला रस्ता माहितेय, आणि मला जरा धीर येईल."

मी फाटकावर 'परत येते' अशी पाटी लावली आणि निघाले.

घर हलवायचं म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी पुन्हा पाहिलं. कप टॉवेलात गुंडाळले, अंडी उशीखाली, फ्रिजच्या दाराला खिट्टी, खुर्च्या गाडीच्या पोटातल्या कप्प्यात, आणि पाटी काढून "स्टेन्सरुड. सध्या मुक्काम इथे" सोफ्यावर निजवली. नातवंडं तोवर पुन्हा भुकेली झाली. निघालो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता आणि खोऱ्यातली प्रत्येक पार्किंगची जागा भरली होती.

पहिल्या थांब्यावर खालच्या नदीचं मोठं वळण दिसतं. तिथे थांबायलाच जागा नव्हती. व्हर्लिनने वेग कमी करून फर्मावलं, "डावीकडच्यांनी नदी बघून घ्या!" डावीकडे संडास आणि कचऱ्याचं पिंप होतं. उजवीकडे क्रिस्टा बसली होती, तिला झाडांच्या फटीतून पाण्यासारखं काहीतरी दिसलं. दुसऱ्या थांब्यावर फांद्या खाली आलेल्या, छतावरची वातानुकूलन पेटी लागेल म्हणून तोही गेला. तिसऱ्या ठिकाणी कशीबशी सरळ जागा मिळाली. समोरच्या दलदलीत मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याहून उंच हरीण, उभा होता, शिंगांवर पाणवेली लोंबत असलेला. रस्त्यावरची माणसं श्वास रोखून उभी.

"आजोबा, मूस! मूस!" नातवंडं किंचाळली.

"तो कुठे जातोय?" व्हर्लिन चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवत म्हणाला. "आधी गाडी सरळ होऊ दे."

मूस तितका वेळ थांबला नाही. बुडबुडा मधोमध आला तेव्हा दलदल रिकामी होती. मग आम्ही आत बसून जेवलो. बाहेर डास आणि ऊन म्हणून पडदे ओढले, जनरेटर लावला, आणि मार्लिसचं हॉटडिश ओव्हनमधून काढलं. खिमा, घट्ट सूप, वरती तळलेल्या बटाट्यांची रांग. उत्तम झालं होतं. थोरल्या नातवाने फोनवर साठवलेला मूसचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला, कुठल्याशा दुसऱ्याच खोऱ्यातला.

"स्पष्ट दिसतोय," व्हर्लिन समाधानाने म्हणाला. "दलदलीत जाऊन याहून जास्त काय दिसलं असतं?"

क्रिस्टाने माझ्याकडे पाहिलं आणि मी बटाट्यांकडे.

दुपार कलता कलता आम्ही वरच्या टोकाला पोचलो, आणि मी कपाळावर हात मारला. गोल वळशाच्या निम्म्या भागावर दरड आली होती. नारिंगी पिंपं, पट्ट्या आणि 'रस्ता बंद'. परवापर्यंत उघडा होता, देवाशपथ. आता एकच मार्ग उरला. झाडांमधल्या खडीच्या खोबणीत गाडी मागे घालायची आणि तोंड फिरवून परतायचं. खोबणीच्या एका बाजूला फ्रिजएवढा दगड, दुसऱ्या बाजूला ओढ्याचा भुसभुशीत काठ. काठ सुटला तर गाडी, ओव्हन, अंडी, सगळं ओढ्यात.

आसपास घरगाडीवाल्यांची चार-पाच कुटुंबं होतीच. समोर एवढा धबधबा गर्जत होता, पण आमचं इंजिन ऐकताच त्यांनी खुर्च्या धबधब्याकडून आमच्याकडे वळवल्या.

"मी उतरतो, मी दाखवतो," ग्रेग म्हणाला.

"बस खाली," व्हर्लिन म्हणाला. "मार्लिस आहे."

मार्लिसचा चेहरा पांढरा पडला होता. ती उतरली. मीही तिच्यामागे उतरले आणि तिच्या कानाशी म्हटलं, "घाबरू नकोस. मी तुझ्या पाठीशी उभी राहते. मी सांगते तसे हात हलव."

"त्याला कळेल."

"त्याला काय कळतंय! त्याला मूस कळला नाही."

ती गाडीकडे तोंड करून उभी राहिली, हात वर करून, तीच नेहमीची उभी राहण्याची ढब. मी तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिले, कारण मला दगड आणि काठ बघायचा होता. गाडी मागे येऊ लागली. "ये, ये, सरळ, सरळ," मी मान वळवून पुटपुटत होते आणि तिचे हात बोलत होते. मग गाडीचं मागचं अंग काठाकडे झुकायला लागलं. माझ्या उजव्या हाताला दगड होता. गाडी तिकडे जायला हवी होती.

"उजवीकडे! मार्लिस, उजवीकडे!"

तिने उजवीकडे हात केला. ठामपणे, जोरात. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आम्ही पाठीला पाठ लावून उभ्या आहोत. माझ्या उजवीकडे दगड, तिच्या उजवीकडे ओढा. ती नवऱ्याला ओढ्यात बोलावत होती.

गाडी थबकली. मग सावकाश, तिच्या हाताच्या अगदी उलट, दगडाच्या बाजूला सरकली. दगड आणि काठ यांच्या बरोबर मधोमध येऊन मागे आली. मार्लिसचा हात अजून उजवीकडेच होता. तिने तो हळूहळू खाली आणला, मग दोन्ही पंजे उभे केले. बास. गाडी थांबली.

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्याने शिट्टीही वाजवली.

मार्लिसने टाळ्यांकडे लक्ष दिलं नाही. कडेकडेचं तिला सगळं स्वच्छ दिसतं, हे तिनेच मला सकाळी सांगितलं होतं, आणि गाडी तिच्या हाताच्या उलट, तिच्या कडेनेच सरकली होती. ती तिथेच उभी होती, हात ॲप्रनला पुसत. तिने ॲप्रन घातलेला नव्हता.

व्हर्लिन उतरला. टोपीला हात लावला. "चांगली दाखवलीस, मार्लिस."

ती त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या जरा बाजूला, बघत राहिली. मग म्हणाली, "तुझं स्टिअरिंग जरा जड चालतंय."

"हो," तो म्हणाला. "तेल घालायला हवं."

एवढंच बोलणं झालं. सगळे धबधब्याकडे धावले. मी माझी कॉफीची बाटली आणायला गाडीत चढले, तर कोंबड्याचं फडकं ड्रायव्हरच्या आसनावर नीट घडी करून ठेवलेलं. पडदा चालू होता. त्यात दगड दिसत होता, काठ दिसत होता, मार्लिस दिसत होती.

मागून व्हर्लिन आला. फडकं उचलून त्याने पुन्हा पडद्यावर टांगलं, टोकं सारखी केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"साऊथ डाकोटा. तिने मला थेट नळावर घातलं. मी म्हटलं, कॉफी प्यावीशी वाटतेय, आणि उतरलो."

म्हणजे तो मासा नळाचा पोचा झाकायला होता. मला त्याचा राग आला. "आणि कॅमेरा?"

"ग्रेगकडे मीच मागितला. कुणाला सांगू नकोस म्हटलं, तर नाही सांगितलं. पोरगा बरा आहे. व्हॅन चुकीची घेतली, पण बरा आहे."

"मग आता गाडी विकणार का रे?"

"कशाला?" तो खरंच गोंधळला. "ऑक्टोबरात ॲरिझोनाला जायचंय. फक्त पुढच्या वेळी तू तिच्या मागे उभी राहत जाऊ नकोस, बर्नी. मध्ये येतेस. मग हात तिचे राहत नाहीत."

मी कॉफीची बाटली काखेत मारून खाली उतरले.

त्याने गाडीच्या पोटातून दोन खुर्च्या काढल्या आणि धबधब्यासमोर नेल्या. आपली खुर्ची त्याने धबधब्याकडे तोंड करून ठेवली, तिच्यावर पाणसळ ठेवली, पायाखाली एक चपटा दगड सारला, बुडबुडा मधोमध आणला. मार्लिसची खुर्ची मात्र त्याने धबधब्याकडे केलीच नाही. गाड्यांकडे, कचऱ्याच्या पिंपाकडे तोंड करून तिरकी ठेवली. मार्लिस येऊन तिच्यावर बसली, समोर पिंपाकडे बघत, धबधबा डोळ्याच्या कडेला. क्षणभराने तिचा हात हळूच तोंडाशी गेला.

"अगंबाई," ती म्हणाली. "केवढं पाणी आहे, व्हर्लिन! खाली बर्फ पण आहे."

क्रिस्टा लगबगीने आली आणि खुर्चीची पाठ धरून फिरवायला लागली. "बाबा, काय हे! आईची खुर्ची वाकडी ठेवलीत तुम्ही."

व्हर्लिनने तिचा हात बाजूला केला आणि खुर्ची होती तशी केली.

"मला माहितेय," तो म्हणाला.